पाळी गेल्यावर वारंवार होणारं लघवीचं इन्फेक्शन, सोयाबीन आणि इस्ट्रोजेन: आहार कुठवर पुरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५६, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षभरात चार वेळा लघवीचं इन्फेक्शन झालं आणि दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स झाला. ओळखीतल्या एका आहारसल्लागारांनी सांगितलं की इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, कमी झाल्यामुळे प्रतिकारशक्ती घटली आहे. रोज सोयाबीन, जवस आणि शतावरी घ्या, इस्ट्रोजेन वाढेल आणि इन्फेक्शन थांबेल. प्रश्न विचारणारी मुलगी स्वतः ३१ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिने कडक डाएट आणि जिम सुरू केलं. तेव्हापासून पाळी लांबत गेली, गेले दोन महिने आलीच नाही, आणि सर्दी-खोकला पाठ सोडत नाही. आपणही सोयाबीन सुरू करावं का, असं तिने विचारलं आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आणि पाळी जाण्याच्या वयातल्या बायका माझ्या ओपीडीत रोज असतात. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत, म्हणून ती एकत्रच देते. आईला ज्या जागी इस्ट्रोजेन हवं आहे, त्या जागी ते जेवणातून पुरेसं पोहोचत नाही. तुमचं इस्ट्रोजेन मात्र बहुधा जेवण तोडल्यामुळेच खाली गेलं आहे, आणि ते वर आणायचा मार्गही जेवणच आहे. बीजकोशांनी काम थांबवलं की ते काम आहार करू शकत नाही. चालू असलेले बीजकोश बंद पाडण्याची ताकद मात्र आहारात नक्की आहे. माझ्या अनुभवात या विषयात सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो.

आधी ‘इस्ट्रोजेन वाढलं की प्रतिकारशक्ती वाढते’ हे समीकरण बाजूला ठेवा. इस्ट्रोजेन ज्या रिसेप्टरला चिकटून काम करतं, ते रिसेप्टर रोगप्रतिकारक पेशींवरही असतात: लिम्फोसाइट, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल, सगळ्यांवर. या रिसेप्टरचे मुख्य प्रकार दोन, अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध १९९६ सालचा, म्हणजे तसा अलीकडचा. कोणत्या पेशीवर कोणता प्रकार जास्त आहे आणि रक्तातली पातळी किती आहे, यावर परिणाम ठरतो. त्यामुळे इस्ट्रोजेन प्रतिकाराचा जोर नुसता वाढवत नाही, त्याची दिशाही बदलतं.

उदाहरणं देते. फ्लूच्या लसीनंतर बायकांच्या शरीरात पुरुषांपेक्षा साधारणपणे जास्त अँटिबॉडी तयार होतात. हा फायदा. पण ल्युपस या आजारात शरीर स्वतःवरच उलटतं, आणि त्याच्या दर दहा रुग्णांत नऊ बायका असतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन फार वर जातं तेव्हा अनेक जणींचा आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, शांत होतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतो. सगळं श्रेय किंवा दोष इस्ट्रोजेनला देता येत नाही, कारण प्रतिकाराची काही महत्त्वाची जनुकं एक्स गुणसूत्रावर आहेत. ज्या पुरुषांत एक एक्स जास्तीचं असतं, त्यांच्यातही ल्युपसचा धोका इतर पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

आणखी एक उदाहरण आईच्या वयाशी थेट जोडलेलं आहे. योनिमार्गातलं बुरशीचं इन्फेक्शन, म्हणजे कँडिडा, पाळी चालू असणाऱ्या बायकांमध्ये जास्त दिसतं आणि पाळी गेल्यावर कमी होतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की इस्ट्रोजेनमुळे ही बुरशी आपल्या रक्तातलं ‘फॅक्टर एच’ नावाचं प्रथिन स्वतःच्या अंगावर ओढून घेते आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींच्या तावडीतून निसटते. म्हणजे एकाच अवयवात तेच इस्ट्रोजेन एका जंतूविरुद्ध राखण करतं आणि दुसऱ्याला आडोसा देतं. साठीच्या बाईला वारंवार बुरशीचं इन्फेक्शन होत असेल, तर मी इस्ट्रोजेनचा विचार नंतर करते, आधी साखर तपासते.

आता आईकडे. पाळी चालू असताना इस्ट्रोजेनमुळे योनिमार्गाचं अस्तर जाड राहतं आणि त्याच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन साठतं. पेशी गळतात, ग्लायकोजेनची साखर होते, आणि तिच्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू जगतात. दुधाचं दही होताना विरजणातले जंतू जे करतात, तेच हे इथे करतात, साखरेचं लॅक्टिक ॲसिड. त्यामुळे तिथला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.८ ते ४.५ च्या दरम्यान राहतो आणि गुदद्वाराकडून सरकत येणाऱ्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूला तिथे जम बसवता येत नाही. पाळी गेली की अस्तर पातळ होतं, ग्लायकोजेन घटतं, लॅक्टोबॅसिलस ओसरतात, पीएच ५ च्या वर जातो. मग ई. कोलाय आधी तिथे वस्ती करतो, आणि तिथून मूत्राशय फार लांब नाही.

मूत्राशयाच्या आतही इस्ट्रोजेनचं काम आहे. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की इस्ट्रोजेनमुळे मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशी स्वतःची जंतुनाशक पेप्टाइड (छोटी प्रथिनं) जास्त तयार करतात आणि दोन पेशींमधले सांधे घट्ट होतात. जंतूंना पेशींच्या मागे लपायला जागा राहत नाही. अँटिबायोटिक संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत तोच त्रास परत का येतो, याचा एक धागा इथे सापडतो.

उपचाराचा पुरावा याहून जुना आहे. १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. पाळी गेलेल्या आणि वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या ९३ बायकांपैकी काहींना योनिमार्गात लावायचं इस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, काहींना तसंच दिसणारं, औषध नसलेलं क्रीम. औषध मिळालेल्या गटात वर्षाला सरासरी ०.५ इन्फेक्शनं झाली, दुसऱ्या गटात ५.९. माझ्या शाखेत इतका ठळक फरक क्वचितच दिसतो. आणि नीट पाहण्यासारखी गोष्ट पुढे आहे: इस्ट्रोजेनची गोळी तोंडाने घेऊन हा फायदा झाला नाही. कॉक्रेन ही संस्था अनेक चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २००८ च्या आढाव्यात तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने लघवीची इन्फेक्शनं कमी झाल्याचं दिसलं नाही, योनिमार्गात लावलेल्याने ती कमी झाली.

आता स्वतःलाच विचारा. खरं इस्ट्रोजेन, औषधाच्या मात्रेत, पोटातून घेऊनही जे होत नाही, ते सोयाबीनच्या भाजीने कसं होईल?

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन असतात. त्यांची रचना इस्ट्रोजेनसारखी असल्याने ती रिसेप्टरला चिकटतात, हे खरं आहे. वनस्पतीतल्या अशा द्रव्यांना जोर असू शकतो, हेही खरं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या होत्या. गवतातल्या अशाच एका द्रव्याचं त्यांच्या पोटात इक्वॉल तयार होत होतं. पण त्या मेंढ्या दिवसभर तेच खात होत्या. माणसाच्या ताटातल्या आयसोफ्लेव्होनची पकड शरीरातल्या मुख्य इस्ट्रोजेनपेक्षा, म्हणजे इस्ट्रॅडिऑलपेक्षा, फारच क्षीण असते, आणि तीही अल्फापेक्षा बीटा रिसेप्टरवर जास्त. योनिमार्गाच्या अस्तराला वाढीचा संदेश मुख्यतः अल्फामार्फत मिळतो. शिवाय डेडझीनपासून जास्त प्रभावी असं इक्वॉल बनवणारे आतड्यातले जंतू प्रत्येकाकडे नसतात. जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांकडे ते असतात, युरोप-अमेरिकेत साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाकडे. एकच वाटी सोयाबीन दोन जावांनी खाल्लं तरी दोघींच्या रक्तात वेगळी द्रव्यं फिरत असतील.

सोयाबीनचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणत नाही. २०१६ मध्ये जामा या नियतकालिकात ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात वनस्पतीजन्य इस्ट्रोजेनमुळे अंगातून वाफा येणं आणि योनिमार्गाचा कोरडेपणा थोडा कमी झालेला दिसला. रात्रीचा घाम कमी झाला नाही. ज्यांना सोयाबीनची भीती वाटते त्यांच्यासाठी हेही सांगते: युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये पाळी गेलेल्या बायकांतल्या आयसोफ्लेव्होन पूरकांचा पुरावा तपासला, तेव्हा स्तन, गर्भाशय आणि थायरॉइडला अपाय झाल्याचं आढळलं नाही. आईला आवडत असेल तर सोयाबीन जरूर खाऊ दे. इन्फेक्शन थांबवण्याचा भार मात्र त्याच्यावर टाकू नका.

इथे एक बाब आपल्याकडची. विदर्भ-मराठवाड्यात मैलोन्‌मैल सोयाबीन पिकतं, म्हणून ‘आम्ही तर सोयाबीनचंच तेल खातो’ असं बायका मला विश्वासाने सांगतात. रिफाइंड तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतात. ती प्रथिनाच्या भागाबरोबर पेंडीत राहतात, आणि पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. खायचंच तर सोया वडी, भिजवून शिजवलेले दाणे किंवा कणकेत मिसळलेलं सोयापीठ. यातलं प्रथिन आईला जास्त उपयोगी पडेल. त्याबद्दल पुढे.

जवसाचं थोडं वेगळं आहे आणि मला ते अधिक रोचक वाटतं. जवसात लिग्नान असतात, तिळातही असतात. आतड्यातले जंतू त्यांच्यापासून एन्टेरोलॅक्टोन नावाचं द्रव्य तयार करतात आणि तेच इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरशी हलकीशी गाठ घेतं. म्हणजे जवस खाल्लं तरी पुढचं काम जंतूंवर अवलंबून. फिनलंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की अँटिबायोटिक घेतल्यानंतर लोकांच्या रक्तातलं एन्टेरोलॅक्टोन कित्येक महिने कमी राहतं. आईने वर्षात चार कोर्स घेतले आहेत. त्यांच्या आतड्यात हे काम करणारी वस्ती आत्ता विस्कळीत असणार. तरीही जवसाची चटणी चालू ठेवा, भाजून, कुटून. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं. त्यातला चोथा त्या जंतूंचं अन्न आहे, आणि पोट साफ राहणं मूत्राशयाच्याही हिताचं आहे, कारण बद्धकोष्ठ असेल तर लघवी पूर्ण सुटत नाही आणि मागे राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात.

आतड्यातल्या जंतूंचा इस्ट्रोजेनशी आणखी एक संबंध आहे. यकृत वापरलेल्या इस्ट्रोजेनला ग्लुकुरोनिक ॲसिड जोडून पित्तावाटे आतड्यात टाकतं. तिथले काही जंतू बीटा-ग्लुकुरोनिडेज या एन्झाइमने ती जोडणी तोडतात, आणि मोकळं झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषलं जातं. १९७० च्या दशकातच दिसलं होतं की गरोदर बाईला अँपिसिलिन दिलं की तिच्या लघवीतलं इस्ट्रिऑल घटतं, कारण हा परतीचा रस्ता बंद होतो. १९८२ मध्ये अमेरिकेत शाकाहारी आणि मिश्राहारी बायकांची तुलना झाली, तेव्हा शाकाहारी बायकांच्या शौचातून दोन ते तीन पट जास्त इस्ट्रोजेन बाहेर पडताना आढळलं. चोथ्याने इस्ट्रोजेन बाहेर नेलं. म्हणजे ‘भरपूर भाज्या, कडधान्यं खा, इस्ट्रोजेन वाढेल’ या सल्ल्याचा परिणाम रक्तातल्या आकड्यावर उलटाही होऊ शकतो. तरी भाज्या-कडधान्यं खायचीच, कारण त्या चोथ्यापासून आतड्यात जी लहान साखळीची स्निग्धाम्लं तयार होतात ती प्रतिकारक पेशींना आवर घालायला शिकवतात.

शतावरीबद्दल दोन वाक्यं. ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीला दिली जाते, आणि त्या वापराचा मला आदर आहे. पाळी गेलेल्या बाईच्या लघवीच्या इन्फेक्शनवर ती इस्ट्रोजेनचं काम करते, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. साखर किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.

वाचणाऱ्यांमध्ये कुणाला ल्युपस असेल तर त्यांनी ‘नैसर्गिक हार्मोन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांपासून लांब राहावं, विशेषतः अल्फाल्फा. आपल्याकडे गुरांना घालतात तो लसूणघास तोच. त्याच्या मोड आलेल्या बियांमध्ये कॅनाव्हनीन असतं, आणि ते दिल्यावर माकडांमध्ये ल्युपससारखा आजार दिसला होता.

चरबीचाही प्रश्न येतो, कारण बऱ्याच बायकांनी ऐकलेलं असतं की पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन चरबीतून मिळतं. ते खरं आहे. चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम अ‍ॅड्रिनल ग्रंथीकडून येणाऱ्या संप्रेरकाचं इस्ट्रोन हे इस्ट्रोजेन करतं. मग वजनदार बायकांचा प्रतिकार चांगला असायला हवा होता. तसं होत नाही, कारण तीच चरबी लेप्टिन हे भुकेशी संबंधित संप्रेरक आणि दाह वाढवणारी रसायनंही सोडत राहते, आणि सततच्या त्या मंद दाहात प्रतिकारक पेशी खऱ्या जंतूला नीट उत्तर देईनाशा होतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात फ्लूची लस घेतलेल्या स्थूल व्यक्तींना, लस घेतलेल्या इतरांच्या तुलनेत, फ्लू किंवा तसा आजार होण्याचं प्रमाण दुप्पट होतं. वजनाबरोबर साखर येते हा दुसरा भाग, आणि लघवीच्या इन्फेक्शनच्या बाबतीत तो जास्त महत्त्वाचा.

तर आईच्या ताटात आणि दिनक्रमात काय बदलायचं?

पहिलं पाणी. ही फार सरळ गोष्ट आहे आणि तिचा पुरावा चांगला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांची इन्फेक्शनं सरासरी १.७ झाली, बाकीच्यांची ३.२. त्या पाळी चालू असलेल्या बायका होत्या, पण जंतू धुऊन जाण्याची क्रिया दोन्ही वयांत तीच. आपल्या बायका पाणी का पीत नाहीत हे मला चांगलं माहीत आहे: एसटीचा प्रवास, बाजार, लग्नकार्य, स्वच्छतागृह नाही, किंवा आहे पण जाण्यासारखं नाही. मुंबईत बायकांसाठी स्वच्छतागृहं मागणारी ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली ती याच कारणाने, आणि मी तिच्याकडे आरोग्याची चळवळ म्हणूनच बघते. आईने घरी असताना तरी दर दोन-तीन तासांनी लघवीला जावं. धणे-जिऱ्याचं पाणी, बार्लीचं पाणी, वाळ्याचं सरबत आवडत असेल तर तेही चालेल, साखर न घालता. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं साखर. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) केलेलं नसेल तर या आठवड्यात करा. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं साखर लघवीवाटे बाहेर काढतात. औषधं चांगली आहेत, हृदयाला आणि किडनीला फायद्याची आहेत, पण त्यांनी बाहेरच्या जननेंद्रियांचं बुरशीचं इन्फेक्शन वाढतं. खाज आणि जळजळ होते, लघवीचं इन्फेक्शन समजून पुन्हा अँटिबायोटिक दिलं जातं, आणि बुरशी आणखी वाढते. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण ही शंका डॉक्टरांच्या कानावर घाला.

तिसरं प्रथिन. अँटिबॉडी प्रथिनाच्या, जंतुनाशक पेप्टाइड प्रथिनाची, अस्तराच्या नव्या पेशीही त्याच्याच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिन लागतं. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते, वरण पातळ करून पुरवते, आणि सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास साबुदाण्यावर आणि चहावर काढते. वाटीभर पातळ वरणातून चार-पाच ग्रॅमच्या वर क्वचितच मिळतं. साबुदाण्यात प्रथिन नसल्यातच जमा. इथे सोया वडी कामाला येते: ३० ग्रॅम कोरड्या वडीत साधारण १५ ग्रॅम प्रथिन असतं. उपास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर, राजगिरा, शेंगदाणे असू द्या आणि पाणी तोडू नका. अंडी-मासे चालत असतील तर प्रश्नच नाही.

ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कारोलिन्स्कातच २०१० मध्ये दिसलं होतं की पाळी गेलेल्या बायकांना ते पूरक म्हणून दिल्यावर त्यांच्या मूत्राशयाच्या अस्तराने ई. कोलायच्या संपर्कात कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक पेप्टाइड जास्त तयार केलं. हे प्रयोगशाळेतलं निरीक्षण आहे, त्यावरून मी कुणाला भरमसाट डोस देत नाही. कमतरता असेल तर ती भरून काढते.

क्रॅनबेरीचा थोडा फायदा आहे. कॉक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यात वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत धोका सुमारे चौथ्या हिश्शाने घटला. पण ती महाग आहे, आणि आपलं करवंद ही वेगळ्या कुळातली वनस्पती आहे. तोच गुण तिच्यात गृहीत धरू नका. डी-मॅनोज या साखरेची पाकिटं बंद केलीत तरी चालेल: २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ५९८ बायकांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. दही जरूर खा, पण दह्यातले जंतू वेगळ्या जातीचे. ते योनिमार्गात जाऊन वस्ती करत नाहीत, आणि दही तिथे लावायचं तर मुळीच नाही.

एवढं सगळं केल्यावरही मूळ कारण तिथल्या तिथे इस्ट्रोजेन नसणं हेच आहे. म्हणून आईला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि योनिमार्गात लावायच्या इस्ट्रिऑल क्रीमबद्दल स्पष्ट विचारा. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. पूर्ण फायदा दिसायला दोन-तीन महिने लागतात. बऱ्याच जणी चार दिवस लावून सोडून देतात, आणि बऱ्याच जणींना या वयात तिथे काही लावायचं म्हणजे लाजच वाटते. तुम्ही मुलगी आहात, तुम्ही बोललात तर त्या ऐकतील. रक्तात याचं प्रमाण फारच कमी जातं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच सुरू करायचं, आणि पाळी गेल्यावर कधी रक्तस्राव झाला असेल तर आधी त्याचा तपास. अमेरिकेतल्या युरॉलॉजी संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेतही पाळी गेलेल्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांना योनिमार्गातलं इस्ट्रोजेन सुचवलेलं आहे. वारंवार म्हणजे सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन. आई त्यात बसतात.

पुढच्या वेळी उन्हाळी लागली की अँटिबायोटिकच्या आधी लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे ते पाहणारी तपासणी) द्या, आणि जुने चारही रिपोर्ट सोबत ठेवा. काही त्रास नसताना नुसत्या तपासणीत जंतू सापडले म्हणून औषध घेऊ नका. या वयात तसे जंतू अनेकींच्या लघवीत असतात, आणि विनाकारण घेतलेलं अँटिबायोटिक आतडं आणि योनिमार्ग दोन्हीकडचे चांगले जंतू मारतं.

आता तुम्ही. पाळी दोन महिने आली नाही, तर सगळ्यात आधी गर्भधारणेची चाचणी. ती नकारात्मक आली, तर वर्णनावरून माझा पहिला संशय जेवणावर आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीरात किती ऊर्जा शिल्लक आहे हे सतत मोजत असतो. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करून जी उरते ती कमी पडली, की तो बीजकोशांना जाणारे संदेश विरळ करतो. २००३ मधल्या एका प्रयोगात नियमित पाळी असलेल्या तरुण बायकांची ही शिल्लक दर किलो चरबीविरहित वजनामागे दिवसाला ३० किलोकॅलरीच्या खाली नेली, तेव्हा अवघ्या पाच दिवसांत त्या संदेशांची लय बिघडली. हिशोब करून बघा. तुमचं वजन ५५ किलो आणि त्यातलं चरबीविरहित ४० किलो धरलं, तर व्यायाम सोडून किमान १२०० किलोकॅलरी हव्यात, आणि निरोगी पातळी १८०० च्या आसपास. जिममध्ये ३०० खर्च करून दिवसाला १२०० खात असाल, तर शिल्लक ९०० राहते. अंगात चरबी असली तरी हे होऊ शकतं, म्हणून ‘मी काही बारीक नाही’ यावर जाऊ नका.

ही बंदी फक्त पाळीपुरती राहत नाही. उपासमारीत लेप्टिन खाली जातं, आणि लेप्टिन टी-पेशी या प्रतिकारक पेशींनाही चालना देतं. १९९८ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की उपासमारीत दबलेला प्रतिकार लेप्टिन दिल्यावर परत येतो. जपानमधल्या महाविद्यालयीन धावपटू मुलींच्या अभ्यासात, ज्यांची पाळी बंद झाली होती त्यांच्या लाळेतलं आयजीए कमी होतं. आयजीए ही नाक-घशाच्या अस्तरावरची अँटिबॉडी. तुमची सतत सर्दी आणि थांबलेली पाळी यांना मी एकाच धाग्यात बघते ते यामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा हजारो बायकांची पाळी थांबली होती, आणि अन्न मिळू लागल्यावर परत आली. त्यांना कुणी वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन दिलं नव्हतं.

म्हणून तुमच्यासाठी सोयाबीन हे उत्तर नाही. दिवसाला ३०० ते ५०० किलोकॅलरी वाढवा, भात-भाकरी परत आणा, तूप-शेंगदाणे घाबरून सोडू नका, आणि पाळी येईपर्यंत जोराचा व्यायाम निम्म्यावर आणा. वजन उतरवायचं असेल तर पाळी स्थिर झाल्यावर, सावकाश. केवळ पाळी ‘आणण्यासाठी’ गर्भनिरोधक गोळ्या सुरू करू नका. त्याने रक्तस्राव होईल, पण हायपोथॅलॅमसचं मूळ दुखणं झाकलं जाईल. पीसीओएस (बीजकोशांचा एक विकार) आणि थायरॉइडमध्येही पाळी लांबते, त्यामुळे टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल ही हार्मोन, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या रक्ततपासण्या करून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. डाएटवर असलेली बाई त्यातून सुटलेली असेल असं मी धरून चालत नाही.

आईला ताप आणि हुडहुडी भरली, कंबरेच्या वर एका बाजूला दुखलं किंवा उलट्या झाल्या, तर घरी वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीतून रक्त गेलं आणि इन्फेक्शन बरं झाल्यावरही लघवीच्या तपासणीत रक्त दिसत राहिलं, तर सोनोग्राफी आणि मूत्ररोगतज्ज्ञ, कारण पन्नाशीनंतर त्यामागे दुसरी कारणं असू शकतात. तुमचे रिपोर्ट आले की पाळीच्या शेवटच्या सहा तारखा, डाएट सुरू करण्यापूर्वीचं आणि आत्ताचं वजन, आणि कालच्या दिवसभरात जे खाल्लं ते जसंच्या तसं लिहून पाठवा.